घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला पिसवांपासून कसे वाचवावे

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, सर्व खिडक्यांना जाळी आहे आणि आमची चिंगी सहा वर्षांत जनावरांच्या दवाखान्याखेरीज कुठेही गेलेली नाही. असे मांजर आणि पिसवा यांचा संबंध येण्याचे कारणच नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. मग एका जुलै महिन्यात घरातल्या सगळ्यांच्या घोट्यांभोवती तीन-तीन, चार-चार लाल गांधी उठू लागल्या. डास असतील म्हणून आम्ही पंधरा दिवस डासांचे यंत्र रात्रभर चालू ठेवले आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. शेवटी चिंगी ज्या गोधडीवर झोपते ती पांढऱ्या चादरीवर झटकली, तेव्हा तिच्या टाक्यांतून मिरपुडीसारखे काळे कण आणि बारीक रव्यासारखे पांढरे ठिपके एकत्रच खाली पडले. काळे कण ही पिसवांची विष्ठा होती आणि पांढरे ठिपके ही त्यांची अंडी होती. चिंगीच्या अंगावर मात्र त्या दिवशी शोधूनही दोनच पिसवा सापडल्या.

दोनच पिसवा आणि गोधडीभर अंडी, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पिसवांच्या बंदोबस्तात बहुतेक घरे इथेच फसतात. मांजराच्या अंगावर दिसणारी पिसू मारली की काम झाले असे वाटते, पण पिसवांचा मोठा संसार अंगावर नसून घरात असतो. पशुवैद्यकात साधारणपणे सांगितले जाणारे प्रमाण असे आहे की, एखाद्या घरातल्या एकूण पिसवांपैकी सुमारे ५ टक्केच प्रौढ होऊन जनावराच्या अंगावर असतात आणि बाकीच्या ९५ टक्के अंडी, अळ्या व कोष यांच्या रूपात अंथरुणात, सोफ्यात आणि फरशीच्या सांध्यांत दडलेल्या असतात.

पिसू घरात येते कशी

पिसवेला पंख नसतात. ती उडी मारते, आणि घरात येते ती कोणाच्या तरी अंगावरून, कपड्यांवरून किंवा सामानातून. जिन्यातल्या पायपुसण्यावर दुपारभर झोपलेले भटके मांजर उठून गेले की त्याच्या अंगावरून गळलेली अंडी तिथे राहतात. काही आठवड्यांनी त्याच पायपुसण्यावर आपण चप्पल काढतो आणि नुकतीच कोषातून निघालेली भुकेली पिसू पायजम्याच्या काठाला धरून आत येते. पाहुण्यांबरोबर आलेला कुत्रा, माळ्यावर किंवा डक्टमध्ये फिरणारे उंदीर, जुना विकत घेतलेला सोफा, सुट्टीत मांजर ठेवायला दिलेले पाळणाघर आणि खुद्द दवाखान्यातला बाक, हे सर्व तिचे मार्ग आहेत. भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाचे मांजर किंवा कुत्रा असेल, तर त्यांनी मागे ठेवलेले कोषही तुमची वाट पाहत बसलेले असू शकतात.

मांजरावर आढळणारी पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची असते. तिचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलाइड्स फेलिस असे असून कुत्र्यांवरही हीच पिसू सर्वाधिक आढळते. पिसू म्हटले की मुंबई-पुण्याच्या जुन्या माणसांना १८९६ सालच्या प्लेगच्या गोष्टी आठवतात आणि ती भीती थेट मांजरावर येते, म्हणून इथे एक खुलासा करणे बरे. त्या साथीत प्लेग पसरवणारी पिसू उंदरावरची, म्हणजे वेगळ्या जातीची होती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवेचा त्यातला वाटा दाखवून दिला होता. मांजरावरच्या पिसवेची काळजी करण्याची कारणे वेगळी आहेत. तिच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजराची कातडी चावून चाटून सोलवटून निघते. तिच्यामुळे पोटात चपटे जंत होतात. लहान पिल्लांचे रक्त ती इतके शोषू शकते की पिल्लू दगावते. ओरखड्यातून माणसाला ताप आणि गाठी आणणारा बार्टोनेला हा जिवाणूही मांजरांमध्ये पिसवांमार्फतच पसरतो.

तिचा जीवनक्रम समजल्याशिवाय उपाय लागू पडत नाही

मांजराच्या अंगावर चढलेली पिसू काही मिनिटांत रक्त पिऊ लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात आलेली मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असतात, लिखांसारखी केसाला चिकटून राहत नाहीत, त्यामुळे मांजर जिथे झोपते, जिथून उडी मारते आणि जिथे अंग खाजवते तिथे ती गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. अळी स्वतः कोणाचे रक्त शोषत नाही. वरून गळणारी प्रौढ पिसवांची विष्ठा, जी खरे तर वाळलेले रक्तच असते, ती खाऊन ती वाढते. उजेड तिला सहन होत नाही, म्हणून ती गोधडीच्या टाक्यांत, गादीच्या शिवणीत आणि सोफ्याच्या फटीत खोल शिरते.

त्यानंतर अळी चिकट रेशमाचा कोष विणते आणि त्यावर घरातली धूळ चिकटून तो कोष धुळीसारखाच दिसू लागतो. सगळ्या प्रकरणातला सर्वांत चिवट टप्पा हा आहे. फवारलेले औषध कोषात नीट शिरत नाही. आतली पिसू एरवी एक-दोन आठवड्यांत बाहेर येते, पण आसपास कोणी जनावर किंवा माणूस नसेल तर ती पाच महिन्यांपर्यंतही आत थांबू शकते आणि जमिनीचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की लगेच बाहेर पडते. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढ पिसवेपर्यंतचा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

हवेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की अळ्या वाळून मरतात आणि ३५ अंशांपुढचे तापमानही त्यांना मानवत नाही. त्यामुळे मुंबई, कोकण आणि गोव्यात पिसवांचा हंगाम जवळपास बारा महिने असतो, पुण्या-नाशकाकडे तो पावसाळ्यात भरात येतो, आणि विदर्भाच्या मे महिन्यात त्या आपोआप नाहीशा व्हाव्यात असे वाटते. पण नागपूर-अकोल्याच्या घरांत मे महिन्यात कूलर चालतो. बाहेर ४५ अंशांची कोरडी झळ असली तरी कूलरच्या खोलीत हवा दमट आणि गार असते, आणि मांजरही दिवसभर त्याच खोलीत कोपरा धरून पडलेले असते. तेव्हा उन्हाळ्यात पिसवा होत नाहीत या भरवशावर औषध बंद करू नये.

आहेत की नाहीत हे कसे तपासावे

मांजर स्वतःला इतके चाटते की अंगावरच्या बऱ्याच पिसवा ते गिळून टाकते, त्यामुळे नुसते केस मागे सारून पाहिल्यास काही न दिसण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी फणी वापरावी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिसवांची खास फणी मिळते, पण घरात लिखा काढायची दाट दातांची धातूची फणी असेल तरी चालते, फक्त ती मांजरासाठी वेगळी ठेवावी.

मांजर पोटभर खाऊन सुस्तावलेले असताना मांडीवर घ्यावे आणि खाली पांढरे कापड पसरावे. फणी मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, कातडीला टेकवून पण न दाबता हळू ओढावी. शेपटीच्या मुळाशी पाठीवर, मानेभोवती, हनुवटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जास्त वेळ द्यावा. दर दोन ओढींनंतर फणीचे दात पाहावेत. पिसू दिसली तर ती चिमटीत धरून चिरडण्याच्या फंदात पडू नये, कारण ती चपटी आणि टणक असते व बहुधा निसटते. जवळ ठेवलेल्या साबणाच्या पाण्यात फणी बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगत राहते, साबणामुळे ती बुडते.

पिसू दिसली नाही पण काळे कण निघाले, तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यू कागदावर टाकून अर्धा मिनिट थांबावे. साधी धूळ असेल तर तिचा रंग काळाच राहतो. पिसवेची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस, गंजासारखा डाग पसरतो, कारण ते पचलेले रक्त असते. ही चाचणी मी इतकी भरवशाची मानते की घरात कोणी गांधी दाखवली की आधी चिंगीला फणी फिरते आणि मगच डासांना दोष दिला जातो.

गोचीड, ढेकूण आणि पिसू यांत लोक गल्लत करतात. गोचीड कातडीला घट्ट चिकटून फुगते आणि जागा सोडत नाही, पिसू केसांतून सरासर पळते. ढेकूण मांजराच्या अंगावर राहत नाही, पलंगात राहतो आणि रात्री माणसाला हातांवर, मानेवर, जिथे उघडे सापडेल तिथे चावतो. पिसू सहसा घोट्यापासून पोटरीपर्यंत चावते, कारण ती जमिनीवरून उडी मारते.

मांजराच्या अंगावरचे औषध

प्रतिबंधाचा कणा म्हणजे ठरावीक मुदतीने, बहुधा महिन्याला एकदा, मानेवर टाकायचे थेंब, ज्यांना दुकानात स्पॉट-ऑन म्हणतात. त्यांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन यांपैकी एखादे द्रव्य असते. काहींत त्याच्या जोडीला मेथोप्रीनसारखे अंडी व अळ्यांची वाढ थांबवणारे द्रव्यही घातलेले असते, आणि घरात एकदा प्रादुर्भाव होऊन गेला असेल तर असे जोड औषध अधिक उपयोगी पडते. कोणते घ्यावे हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे, विशेषतः मांजर गाभण असेल, पिल्लांना पाजत असेल, आजारी किंवा फार म्हातारे असेल तर.

औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि मांजराचे वजन आपण नेहमी चुकीचे सांगतो. आधी एकट्याने वजनकाट्यावर उभे राहावे, मग मांजर उचलून घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांतला फरक घ्यावा.

थेंब टाकण्याची जागा मानेच्या मागे, कवटी संपते तिथेच आहे. थोडे खाली, खांद्यांवर टाकले तर मांजराची जीभ तिथे पोचते. एका हाताने तिथले केस दोन्ही बाजूंना सारून कातडीची पांढरी रेघ दिसू द्यावी, नळीचे तोंड त्या रेघेला टेकवावे आणि सगळे औषध एकाच ठिकाणी कातडीवर पिळावे. औषध केसांवर सांडले तर वाया जाते. नळी काढतानाही ती दाबलेलीच ठेवावी, नाहीतर अर्धे औषध परत आत ओढले जाते. पहिल्यांदा मी हेच केले होते आणि महिनाभर औषध लागू पडत नाही म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडत होते. जागा सुकेपर्यंत घरातल्या दुसऱ्या मांजराला तिथे चाटू देऊ नये आणि लहान मुलांना मांजर उचलू देऊ नये. आधी व नंतर निदान दोन दिवस मांजराला आंघोळ घालू नये. चुकून औषध चाटले गेले तर मांजराच्या तोंडाला फेस येतो. तो बहुधा कडू चवीमुळे असतो आणि थोड्या वेळात थांबतो, पण त्याबरोबर अंग थरथरू लागले तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

घरात दोन मांजरे असतील तर दोघांना, आणि कुत्रा असेल तर त्यालाही त्याचे वेगळे औषध, एकाच दिवशी द्यावे. एकाला वगळले की तेच घरातल्या पिसवांचे कोठार होते.

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना यांतली बरीच औषधे चालत नाहीत. त्यांच्यासाठी दिवसातून दोनदा फणी हाच मुख्य उपाय आहे. हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसल्या तर पिल्लाला रक्तक्षय झालेला असू शकतो, आणि मग उद्यावर ढकलू नये. मोठ्या मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही वळवळताना किंवा वाळून चिकटलेले दिसले, तर ते चपट्या जंताचे तुकडे असतात. अंग चाटताना जंताचा अंश असलेली पिसू गिळली की हा जंत होतो, म्हणून जंताच्या औषधाबरोबर पिसवांचा बंदोबस्तही व्हावा लागतो.

काय वापरू नये

या भागावर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे, कारण पिसवांनी मोठे मांजर सहसा मरत नाही, पण पिसवांवरच्या चुकीच्या उपायाने मरू शकते. आम्हाला पहिल्यांदा औषध देणाऱ्या दुकानदाराने मांजराचे सांगूनही कुत्र्याच्या थेंबांची नळी हातात ठेवली आणि “अर्धीच टाका, दोन्हीचे एकच असते” असे वर सांगितले. घरी येऊन डब्यावरची बारीक अक्षरे वाचली म्हणून निभावले. कुत्र्यांच्या अनेक थेंबांत पर्मेथ्रिन असते. ते द्रव्य निष्प्रभ करण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते ती मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. त्यामुळे कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराला झटके आणते, आणि एका नळीइतके औषधही त्याच्या जिवावर बेतू शकते. अर्धी नळी टाकण्याने धोका अर्धा होत नाही. ज्या कुत्र्याला असे औषध नुकतेच लावले आहे, त्याच्या अंगाला अंग लावून मांजर झोपले तरी त्रास होऊ शकतो.

गुरांच्या गोचिडांसाठी कृषी केंद्रात मिळणारे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातले आहे. गावाकडे ते पाण्यात मिसळून कुत्र्यांना सर्रास लावले जाते, पण मांजराला ते लावू नये. झुरळांसाठी ओढायच्या खडूतही बहुधा हीच द्रव्ये असतात, आणि मांजर त्या रेघेवरून चालून जाऊन नंतर पंजे चाटते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे अमिट्राझही मांजरासाठी नाही.

घरगुती म्हणून निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी तर आणखी लांब आहे. फिनाइलने फरशी पुसणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट, पण मांजराला ते घातक आहे, कारण ओल्या फरशीवरून गेलेले पंजे ते चाटून स्वच्छ करते. मांजर असलेल्या घरात साबणाच्या साध्या पाण्याने फरशी पुसून, ती कोरडी झाल्यावरच मांजराला त्या खोलीत सोडावे. कापूर, डांबरगोळ्या आणि रॉकेल यांना मांजराच्या आसपासही आणू नये. टी ट्री, निलगिरी, लवंग यांची तेले “नैसर्गिक” असे लिहून पट्ट्यांत आणि फवाऱ्यांत विकली जातात, ती मांजराला विषारी ठरू शकतात. कडुनिंबाच्या तेलाबद्दल आपल्या मनात इतका विश्वास असतो की हे वाचून अनेकांना राग येईल, पण अंगाला लावलेले सगळे मांजर चाटून पोटात घेते, आणि माणसाच्या कातडीला मानवणारी वस्तू मांजराच्या पोटाला मानवेलच असे नाही. कडुनिंबाची धुरी केल्याने कोषांना काही होत नाही, मांजराच्या श्वासनलिकेला मात्र होते. दुधातून लसूण दिल्याने रक्त कडू होऊन पिसवा पळतात ही समजूत तर उघड धोक्याची आहे, कारण लसूण आणि कांदा यांनी मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. कॅरम बोर्डावर घालतो ती बोरिक पावडर अळ्यांना मारते हे खरे असले, तरी ती गालिच्यावर भुरभुरल्यास पंजांवाटे मांजराच्या पोटात जाते.

चुकीचे औषध लावले गेलेच आणि मांजर शांत असेल, तर कोमट पाण्यात भांडी घासायचा सौम्य द्रव साबण घालून ती जागा लगेच धुवावी, टॉवेलात गुंडाळून ऊब द्यावी आणि औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नये. उलटी काढण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये.

घराचे काम

आपल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे नसतात, ही पिसवांच्या दृष्टीने अडचणीची आणि आपल्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. गुळगुळीत फरशीवर अळीला लपायला जागा नसते. म्हणून सगळे घर धुऊन काढण्याऐवजी मांजर दिवसाचे तास कुठे घालवते हे दोन दिवस नीट पाहावे आणि त्या चार-पाच जागांवरच मेहनत करावी. आमच्याकडे त्या जागा म्हणजे गोधडी, सोफ्याचा उजवा कोपरा, दिवाणाखालची ट्रंक आणि कपड्यांच्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा.

मांजराचे अंथरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे. गोधडी एवढ्या गरम पाण्यात धुणे आणि पावसाळ्यात वाळवणे दोन्ही अवघड असते, म्हणून मांजराला गोधडीवर झोपायची सवयच असेल तर तिच्यावर जुन्या सुती साडीची घडी टाकावी आणि ती घडी दर आठवड्याला धुवावी. बहुतेक अंडी त्या घडीतच अडकतात. अंथरूण उचलताना झटकू नये, चारही कोपरे आत घेऊन गाठोडे करावे आणि तसेच बादलीत टाकावे, नाहीतर अंडी खोलीभर पसरतात. कापसाच्या गाद्या भर उन्हात दोन्ही बाजूंनी तापवाव्यात. उन्हाने अळ्या मरतात, पण जाड गादीच्या आत ऊन पुरेसे शिरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो सोफ्याच्या शिवणी, दिवाणाची पेटी आणि भिंतीकडेच्या फटी यांवर फिरवावा. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे मांजराला औषध लावलेले असताना त्या बाहेर येणे आपल्या फायद्याचेच असते. आतली धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेरच्या कचऱ्यात टाकावी. व्हॅक्यूम नसेल तर आधी किंचित ओल्या फडक्याने धूळ टिपावी आणि मग झाडू मारावा, कारण कोरडा झाडू अंडी कोपऱ्यांत ढकलतो. जुन्या शहाबादी फरशीचे सांधे उखडलेले असतील तर ते सिमेंटने बुजवून घेणे हा एकदाच करायचा आणि कायम पुरणारा उपाय आहे. कोकणातल्या सारवलेल्या जमिनीच्या घरांत मांजराची जागा जमिनीवरून हलवून धुता येईल अशा पाटावर किंवा खाटेवर करावी.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवायची वेळ आली तर घरात मांजर आहे हे फोनवरच सांगावे, अळ्यांची वाढ थांबवणारे द्रव्य त्यांच्या फवारणीत आहे का ते विचारावे आणि फवारा पूर्ण सुकेपर्यंत मांजराला दुसरीकडे ठेवावे. माणसाला ऐकू न येणारा श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) आवाज काढणारी यंत्रे पिसवांवर चालत नाहीत. त्या पैशांत महिन्याभराचे थेंब येतात.

दाराबाहेरचे पायपुसणेही या कामातच धरावे. भटक्या मांजरांना जिन्यातून हाकलल्याने पिसवा जात नाहीत, पण त्यांची झोपायची जागा आपल्या उंबऱ्यापासून चार पावले लांब, धुता येणाऱ्या गोणपाटावर करून दिली तर अंडी आपल्या दारात पडत नाहीत. आमच्या इमारतीत हे जमले ते खाऊ घालणाऱ्या काकूंशी भांडण न करता बोलल्यामुळे.

औषध लावूनही पिसवा दिसतात तेव्हा

थेंब टाकल्यावर दहा दिवसांनी पुन्हा पिसू दिसली की औषध बनावट होते असे वाटून लोक दुसरे आणतात आणि पहिल्याचा असर असतानाच तेही लावतात. तसे कधीही करू नये. या पिसवा जुन्या नसतात. औषध लावण्यापूर्वीच घरात असलेल्या कोषांतून त्या निघालेल्या असतात, मांजरावर चढतात आणि औषधाने मरतात. हे येणे-मरणे काही आठवडे चालते. म्हणून एकदा पिसवा झाल्या की घरातल्या सगळ्या जनावरांना निदान तीन महिने, एकही महिना न चुकवता, औषध द्यावे. तारीख विसरू नये म्हणून मी ती भिंतीवरच्या कालनिर्णयात गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच लिहिते.

घरात अजून किती पिसवा आहेत हे कळण्यासाठी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घालून मांजराच्या आवडत्या जागांजवळ पाच मिनिटे फिरावे. मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसले तर कोष अजून फुटत आहेत. रात्री जमिनीवर साबणाच्या पाण्याचे पसरट ताट ठेवून त्यावर छोटा दिवा लावला तर उजेडाकडे उडी मारणाऱ्या काही पिसवा त्यात पडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण सकाळी ताटात किती आहेत ते आठवड्या-आठवड्याने मोजत गेल्यास काम पुढे सरकते आहे की नाही ते कळते.

मे महिन्यात किंवा गणपतीत घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. बंद घरात हादरा नसतो, ऊब नसते, त्यामुळे कोष थांबून राहतात आणि आपण परतून दार उघडताच त्यांतल्या पिसवा एकदमच बाहेर पडतात. तेव्हा निघण्यापूर्वी मांजराचे अंथरूण धुऊन कोरडे करून ठेवावे, आणि परत येण्याआधी मांजराच्या औषधाची मुदत संपलेली नाही ना ते पाहावे. दार उघडल्यावर मांजराची पेटी बाहेर जिन्यातच कोणाच्या तरी हातात ठेवावी, पांढरे मोजे चढवून आधी स्वतः सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावी, आणि मोजे स्वच्छ असतील तरच पेटी आत घ्यावी.